सायाळ्याचे दात

आमच्या घरात दादा सोडला तर समुद्र कोणीही पाहिलेला नव्हता. आई-बाबा दोघंही वर्धेकडच्या खेड्यांतले. नोकरीसाठी बाबा खडकीला आले, दारूगोळा कारखान्यात लागले, आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आमचा संसार सुरू झाला. सुट्टी मिळाली की आम्ही गाडी धरायचो ती पूर्वेकडची, वर्धा-नागपूरची. पश्चिमेला घाट उतरला की समुद्र लागतो हे मला फक्त भूगोलाच्या पुस्तकातून ठाऊक होतं. अशा घरात एका उन्हाळ्यात चार हमालांनी काचेची एक लांबरुंद टाकी आणली, बैठकीच्या खोलीतला दिवाण हलवून त्या जागी ठेवली, आणि दादाने कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "यात समुद्र भरायचाय."

दादा तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये नुकताच चिकटला होता. त्या दिवसांत पुण्यात ज्याचा मुलगा संगणकात गेला त्याच्या घरी काहीतरी नवं यायचं. कुणाकडे मोठा टीव्ही, कुणाकडे कपडे धुण्याचं यंत्र. कामानिमित्त दादा मुंबईच्या एका ऑफिसात गेला होता, तिथल्या दर्शनी भागात त्याने खाऱ्या पाण्याचे मासे पाहिले आणि तो त्यांच्या नादीच लागला. मुंबईहून समुद्री मिठाची पोती यायला लागली. न्हाणीबाहेरच्या निळ्या पिंपात गाळलेलं पाणी भरायचं, त्यात ते मीठ ढवळायचं, काचेची एक नळी तरंगत सोडून खारटपणा मोजायचा, हे सगळं दादाने सुरू केलं आणि महिन्याभरात ते माझ्याकडे आलं. मी बी.एस्सी. केलं होतं प्राणिशास्त्रात, आणि सगळे सांगतात म्हणून डेक्कनला संगणकाचा एक कोर्स करत होते. म्हणजे घरच्यांच्या मते रिकामीच होते. आई पदराने घाम पुसत त्या पिंपाकडे बघायची. "मीठच तं हाय. डब्यातलं टाकलं तं काय होते?" मी तिला समजावायची की समुद्रात नुसतं मीठ नसतं, आणखी बरंच काही असतं. "असंन बाप्पा," ती म्हणायची, "आपल्याकडं तं विहिरीतबी मासे जगते."

टाकी अनेक दिवस नुसत्या पाण्याची होती. मग एका रविवारी दादा खोक्यातून प्लास्टिकची एक फुगलेली पिशवी घेऊन आला. आत कवठाएवढा, मातकट रंगाचा, चौकोनी तोंडाचा एक मासा होता. अंगभर काटे, पण ते पाठीशी चापून बसवलेले. डोळे मात्र इतके मोठे आणि इतके चमकदार, की निळसर-हिरवी टिकली बारीक कुटून आत भुरभुरवली असावी असं वाटे. दादाने त्याचं काहीतरी भारी इंग्रजी नाव सांगितलं. आई पुढे झाली, काचेवर नाक टेकवून बघितलं आणि म्हणाली, "हे तं सायाळ हाय. पाण्यातली सायाळ!" तिच्या गावाकडे सायाळी रात्री येऊन शेतातली रताळी उकरायच्या. इकडे पुण्यात ज्याला साळिंदर म्हणतात ते. दुसऱ्या दिवसापासून त्याचं इंग्रजी नाव कोणी घेतलं नाही. तो सायाळ्या झाला.

आमच्या क्वार्टरचे आवाज ठरलेले होते. सकाळचा कारखान्याचा भोंगा, लोकलचा हॉर्न, दूर कुठेतरी चाचणीचे बार, आणि स्वयंपाकघरात आईच्या भाकरी थापण्याचा थप थप. आता त्यात पंपाची घरघर आणि पाणी पडण्याचा आवाज मिसळला. बाबांना मात्र यातलं फार थोडं ऐकू येई. लहानपणीच्या तापात त्यांचा एक कान गेला होता आणि दुसराही वयाबरोबर मंदावत होता. ते कामावर जाताना आणि आल्यावर टाकीच्या काचेवर तळवा ठेवत. पंप चालू असला की काच बारीक थरथरते, ते त्यांना हाताला कळे. वीज गेली की सगळ्यांआधी तेच उठत आणि स्कूटरची जुनी बॅटरी जोडून हवेचा छोटा पंप सुरू करत. बोलणं कमी झालेला माणूस होता तो. पण सायाळ्याशी त्यांचं जमलं. खायला उशीर झाला की तो पाण्याच्या वर तोंड काढून नेमका बाबांच्या वर्तमानपत्रावर पिचकारी मारायचा आणि बाबा चष्मा पुसत म्हणायचे, "याले भूक लागली व, नंदा."

मला तो ओळखायचा हे मी आज जबाबदारीने लिहिते. तेव्हा कोणी विश्वास ठेवत नसे. शेजारच्या काकू काचेपाशी गेल्या की तो मागच्या दगडाआड जाई, मी गेले की शेपटी हलवत पुढे येई, कुत्र्यासारखा. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात त्याचा वेगळा डबा असे, सोललेल्या कोळंबीचा. आई त्या डब्याला चतुर्थीला हात लावत नसे, पण एरवी डाळीच्या भरड्याचे गोळे घालून गोळाभात करताना मला हाक मारून विचारी, "सायाळ्याचं झालं का?" मग आमची पानं वाढी. वरून तिखट तेल, शेजारी कढी. आजही गोळाभात खाताना माझी नजर नकळत कोपऱ्याकडे जाते. घर आता दुसरं आहे, आणि त्याच्या कोपऱ्यात पुस्तकांचं कपाट आहे.

वर्षभराने कंपनीने दादाला अमेरिकेला पाठवलं. विमानतळावर जाण्याआधी तो टाकीपुढे दोन मिनिटं उभा राहिला आणि मला म्हणाला, "नंदा, बी प्रॅक्टिकल. मी परत कधी येईन सांगता येत नाही. मासा आणला त्या दुकानदाराशी बोललोय, तो घेऊन जाईल त्याला."

"कशाला?"

"अगं, तुझं लग्न होईल. आई-बाबा काय करणार याचं?"

"लग्न होईल तेव्हा बघू. त्याला नेऊ देणार नाही मी."

हे मी इतकं सरळ म्हणाले की मलाच नवल वाटलं. आमच्या घरात ठरवायचं ते दादाने, आणि ते बरोबरच असायचं. त्याच्यामुळे घरात फोन आला होता, त्याच्यामुळेच मी संगणक शिकत होते. पण ती टाकी त्याची उरली नव्हती. पाणी मी बदलत होते, काच मी घासत होते, मीठ माझ्या हातावरच्या चिरांना झोंबत होतं. दुकानदार दोनदा येऊन गेला. दोनदा मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

लग्नाचंही झालं ते सांगते. पिंपरीला स्थायिक झालेलं अमरावतीकडचं एक कुटुंब मला बघायला आलं. मुलगा संगणकातलाच, सभ्य होता. पोहे झाले, माझं शिक्षण विचारून झालं. मुलाच्या आई टाकीकडे बघत म्हणाल्या, "छान आहे हो. आता मुलगी गेल्यावर याला कोण सांभाळणार?"

"मीच," मी म्हणाले. "तो माझ्याबरोबर येईल."

त्या हसल्या. मी हसले नाही. मग त्याही हसायच्या थांबल्या. पाहुणे गेल्यावर आईने पोह्यांची ताटली इतक्या जोरात आपटली की बाबांनीसुद्धा वळून पाहिलं. "माणूस पायजे का मासा पायजे तुले?" ती म्हणाली. "लोकं म्हणतीन, पोट्टी येडी झाली." त्यानंतर बरेच दिवस ती टाकीकडे पाठ करून बसत होती. पण सायाळ्याचं झालं का, हे विचारायची सवय तिला मोडता आली नाही.

आणि मग त्याने खाणं सोडलं. आधी मला वाटलं, कोळंबी शिळी असेल. ताजी आणली. तो धावत आला, तोंडात घेतली, घोळवली आणि टाकून दिली. पुन्हा घेतली, पुन्हा टाकली. भूक होती, हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. तोंडात जातच नव्हतं. मी काचेशी डोळा लावून बसले आणि तो समोर आला तेव्हा मला दिसलं. या माशांना आपल्यासारखे सुटे दात नसतात. वर एक आणि खाली एक अशी हाडासारखी टणक पट्टी असते, पोपटाच्या चोचीसारखी. ती सतत वाढते आणि समुद्रात शिंपले-खेकडे फोडताना झिजते. आमच्याकडे तो मऊ कोळंबीवर वाढला होता. दुकानदाराने तेच द्यायला सांगितलं होतं. ती चोच आता इतकी पुढे आली होती की वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढून तोंडाला कुलूपच लागलं होतं.

मी आणखी काही दुकानांत जाऊन आले. एकाने सांगितलं, "ताई, हे असंच मरतात. नवा घ्या." जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हशीच्या खुराकडे वाकलेले होते, मान वर न करता म्हणाले, "मासा माझ्या अभ्यासक्रमात नव्हता." मग कोर्सशेजारच्या सायबर कॅफेत बसले. तेव्हा इंटरनेटचं एक पान उघडायला लागायचा तेवढ्या वेळात चहा पिऊन व्हायचा. मासे पाळणाऱ्यांच्या एका मंडळात मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी दूरच्या देशातल्या एका बाईंचं उत्तर आलेलं. लवंगेच्या तेलाने माशाला गुंगी आणता येते, मग चोचीचं टोक कापता येतं. तेल जास्त झालं तर श्वास थांबतो. आणि त्याला पाण्याबाहेर काढू नका, कारण हे मासे घाबरले की पाणी पिऊन फुगतात, आणि बाहेर पाण्याऐवजी हवा प्यायला तर ती हवा त्याला सोडता येत नाही. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की त्यांचा पहिला मासा यात गेला, दुसरा वाचला.

ते पान मी तीनदा वाचलं. न कापता तो निश्चित मरणार होता. कापताना कदाचित. ठरवायला मला फार वेळ लागला नाही. रात्री जेवताना मी सांगून टाकलं, "येत्या रविवारी मी त्याचे दात कापणार आहे."

बाबांना दोनदा सांगावं लागलं. ऐकल्यावर ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "कशानं?"

तो खरा प्रश्न होता. बाबांची कवळी ज्यांनी बसवली होती ते डॉ. लिमये बोपोडीच्या बाजूला राहत. दवाखाना बंद करून त्यांना बरेच दिवस झाले होते. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात उभी राहिले.

"काय झालं? वडिलांची कवळी?"

"नाही. दात वाढलेत."

"कोणाचे?"

"माशाचे."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कवळी बसवायची आहे का त्याला?"

"नाही, कापायचेत. मला एखादं बारीक, धारदार अवजार हवंय. पाण्यात चालेल असं."

"माझ्याकडे पेशंट स्वतःच्या पायांनी येतात."

"त्याला पाय नाहीत."

"ते माझ्या लक्षात आलं," ते म्हणाले आणि दारातून बाजूला झाले. "या आत."

मी सगळं सांगितलं, चोचीचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "कापणार कोण?"

"मला वाटलं, तुम्ही..."

त्यांनी उजवा हात टेबलावर पुढे धरला. बोटं वाऱ्यातल्या पानासारखी हलत होती. "याच्यासाठी तर दवाखाना बंद केला. कापणार तुम्ही. मी फक्त उभा राहीन, आणि तेही नाश्ता झाल्यावर." मग कपाटातून त्यांनी दातांच्या तारा कापायचा एक छोटा कटर काढला आणि माझ्या हातात दिला. "एकदम तोडायला जाऊ नका. कडेकडेने, चिमूट चिमूट. हिरडीजवळचा भाग जिवंत असतो, तिकडे फिरकायचं नाही. आणि मुख्य म्हणजे आधी हाताला सवय करा. पहिल्या पेशंटवर शिकणारे डॉक्टर मी खूप पाहिलेत."

तो सगळा आठवडा मी सवय करत होते. बाबांनी एका वांग्याला चीर पाडून त्यात शिंपल्याचा तुकडा असा खोचला की तो बाहेर डोकावणाऱ्या दातासारखा दिसावा. ते वांगं ओल्या पंच्यात धरून मी बादलीत पाण्याखाली शिंपला कापत बसायची. पहिल्या दिवशी कटर घसरून वांग्यातच रुतला. बाबांनी दुसरं वांगं तयार केलं. आई येता-जाता बघत होती. "भरीत करू का आता या पेशंटचं?" एकदा ती म्हणाली. मी मान वर केली नाही, कारण हात हलला असता. पण दुसऱ्या दिवशी ती मंडईतून पिशवी भरून लहान, घट्ट वांगी घेऊन आली आणि माझ्यापुढे ओतत म्हणाली, "मोठं वांगं कायले घेतं? तो काय एवढा हाय का? त्याच्या मापाची घे." तोवर हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

रविवारी सकाळी डॉ. लिमये नाश्ता करून आले आणि आईने त्यांना पुन्हा नाश्ता करायला लावला. बैठकीच्या खोलीत दोन टब मांडले होते. दोन्हींत टाकीतलंच पाणी. एकात गुंगी द्यायची, दुसऱ्यात शुद्धीवर आणायचं, म्हणून त्यात बाबांनी हवेचा पंप सोडला होता. लवंगेच्या तेलाचे थेंब मी छोट्या बाटलीत पाण्याबरोबर जोरजोरात हलवून दुधासारखे केले. घरभर मसाला कुटल्यासारखा वास पसरला. सायाळ्याला मी मोठ्या भांड्यात पाण्यासकट हळूच घेतलं आणि पाण्याखालूनच टबात सोडलं. तो माझ्याकडे बघत होता. त्याला वाटत असावं, खायला मिळणार.

मी पहिला घोट ओतला आणि तो फुगला.

इतक्या दिवसांत मी त्याला कधी फुगलेलं पाहिलं नव्हतं. क्षणात त्याचा नारळाएवढा गोळा झाला, अंगावरचा काटा न् काटा ताठ उभा. आई मागे सरली. डॉ. लिमये कप खाली ठेवत म्हणाले, "अच्छा. म्हणून आजवर कोणी याचे दात काढले नाहीत."

पाण्यात फुगला होता, हवेत नाही, एवढंच बरं होतं. मी हात बाहेर काढले आणि थांबले. त्या बाईंनी लिहिलं होतं, घाई करू नका. हळूहळू तो गोळा सैल पडला, तोंडातून पाणी सुटलं, काटे चापून बसले. मग मी थोडं थोडं करून बाटलीतलं पाणी सोडलं. तो एका बाजूला कलला, सरळ झाला, पुन्हा कलला, आणि तळाला टेकला. कल्ल्यांची उघडझाप संथ झाली. "आता," डॉक्टर म्हणाले.

बाबांनी ओल्या पंच्यात त्याला पाण्याखाली धरलं. त्यांचे हात आयुष्यभर यंत्रावर काम केलेले, जराही हलत नव्हते. मी कटर त्याच्या तोंडाशी नेला. त्या वेळी मला भीती वाटली नाही. वाटायला हवी होती, पण डोळ्यांपुढे फक्त ती चोच होती आणि हातात वांग्यांनी शिकवलेली पकड. पहिला कपचा तुटला तेव्हा नख कापल्याएवढा आवाज आला. दुसरा, तिसरा. "कडेने," डॉक्टर मागून म्हणत होते, "कडेने, मध्ये जाऊ नका." वरची पट्टी मागे आली, मग खालची. शेवटचा तुकडा पडला तेव्हा तोंडात माझ्या करंगळीचं टोक जाईल एवढी फट दिसली. मी मान वर केली आणि बाबांकडे बघून हसले.

बाबा हसत नव्हते. "हा श्वास नाई घेऊन रायला," ते म्हणाले.

कल्ले थांबले होते. आम्ही त्याला दुसऱ्या टबात घेतलं, पंपाच्या बुडबुड्यांपुढे धरलं. काही नाही. त्याचं अंग माझ्या हातात ओल्या कापडासारखं पडून होतं. त्याचे चमकदार डोळे उघडेच होते, आणि त्यांत काही नव्हतं. डॉ. लिमये गुडघ्यांवर बसले. "त्याच्या तोंडातून पाणी वाहतं ठेवा. तोच श्वास." मी त्याला हलकेच पुढे नेऊ लागले, तोंडात पाणी शिरेल आणि कल्ल्यांतून निघेल असं. वळवायचं, पुन्हा पुढे. वळवायचं, पुन्हा पुढे. पाठीला कळ लागली, मनगटं बधिर झाली. मनात येऊन गेलं की दादाचं ऐकायला हवं होतं. तेवढ्यात आई माझ्या शेजारी येऊन उकिडवी बसली. तिने टबात हात घातला नाही, फक्त माझ्या पाठीवर ठेवला.

"सोडू नको," ती म्हणाली. "हात दुखला तरी सोडू नको. मी जनावरं वाचताना पायलेत. सोडलं का गेलं."

मी सोडलं नाही. किती वेळ गेला ते माहीत नाही. आईचा चहा चुलीवर आटून गेला होता, हे नंतर कळलं. मला आधी वाटलं की माझ्याच बोटाला कंप सुटलाय. मग ते पुन्हा झालं. कल्ला उचलला गेला, मिटला. बराच वेळ काही नाही. पुन्हा उचलला गेला. डॉ. लिमयेंनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. दुपारपर्यंत सायाळ्या टाकीच्या तळाशी बसला होता, वाकडा, रुसलेला, पण स्वतःचा श्वास स्वतः घेत.

त्यानंतरचे दिवस ऑपरेशनपेक्षा कठीण होते, कारण करण्यासारखं काही नव्हतं. तो खात नव्हता. मी कोळंबी पुढे धरली की तोंड फिरवायचा. अमेरिकेतून दादाचा फोन आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "नंदा, ट्राय केलंस ना तू? बस झालं. काही गोष्टी सोडायला शिकावं." मी म्हटलं, "दादा, तू लांबून सांगतोयस. तो इथे माझ्याकडे बघतोय." आणि फोन आईच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी खडकी बाजारातल्या मासळीवाल्या मावशींकडून मी जिवंत तिसऱ्या आणल्या, रुपयाच्या नाण्याएवढे ते शिंपले, कवचासकट. मऊ खाणं पुन्हा त्याला द्यायचंच नाही हे मी ठरवलं होतं. खाल्लं तर हेच. एक तिसरी टाकीत सोडली आणि स्वतःला कामाला जुंपलं. पिंपात मीठ ढवळायला गेले.

आई आत कणीक मळत होती. एकदम तिची हाक आली, "काय फुटलं व? कप फोडला का कोणी?"

कोणीच काही फोडलं नव्हतं. मी ओल्या हातांनी बाहेरच्या खोलीत धावले. टाकीच्या तळाशी पांढरे कपचे पडत होते आणि सायाळ्या मान झटकत दुसरा घास घेत होता. कट्. पुन्हा कट्. इतका खणखणीत आवाज त्या मुक्या प्राण्याचा आम्ही प्रथमच ऐकत होतो. आई कणकेच्या हातांनी दारात उभी राहिली, बघत राहिली. मग म्हणाली, "एकानं काय होते त्याले? आणखी टाक."

सायाळ्या त्यानंतर बरीच वर्षं जगला. मी संगणकाचा कोर्स पुरा केला, प्रमाणपत्र आईच्या ट्रंकेत ठेवून दिलं आणि बाबांना सांगितलं की मला मासे शिकायचेत. कोकणात जाऊन मत्स्यविज्ञान केलं. त्या काळात टाकी आई-बाबांनी सांभाळली, आणि मी सुट्टीला आले की आई मला पाण्याच्या खारटपणावर व्याख्यान द्यायची. पुढे हेच माझं पोटापाण्याचं काम झालं. माशांचे आजार, त्यांची औषधं, अधूनमधून त्यांचे दातही. आता पन्नाशी उलटून गेली. विद्यार्थी विचारतात की मॅडम, तुम्ही याच्यात कशा आलात, तर मी त्यांना अभ्यासक्रमाबद्दल काहीतरी सांगते. खरं म्हणजे मी याच्यात आले ती एका दुपारी, कोकणात जायच्या कितीतरी आधी, सायाळ्याने तो पहिला शिंपला फोडल्यानंतर थोड्याच दिवसांनी.

ऊन रणरणत होतं. दारात एक अनोळखी माणूस उभा होता, हातात झाकलेली बादली. कुठूनतरी, बहुतेक मासळीवाल्या मावशींकडून, गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती. बादलीत त्याचा मासा होता, कडेला पडलेला, आणि तो माणूस औंधवरून सायकलने आला होता, पाणी सांडू नये म्हणून अर्धा रस्ता चालत. मला बघून त्याने जरा साशंक होऊन विचारलं, "इथे माशांचे डॉक्टर राहतात का हो?"

मी डॉक्टर नव्हते. तसं सांगायला मी तोंड उघडलं. पण आत स्वयंपाकघरातून आईचा आवाज माझ्या आधी बाहेर आला.

"व्हय, इथंच हाय. बसा. अन् बादली उनात नका ठेवू, आत घ्या."